अमावास्येची नावं

पाटीशाळा बंद झाली त्या दिवशी आम्ही तीनच जण उरलो होतो आणि तिघांत पहिली मी होते.

"तिघांत पहिली, त्यात काय मोठं!" बेलानु काका चिडवायचा. पण वर्गात एकवीस जण होते तेव्हाही पहिली मीच होते, आणि त्या एकविसांत मुलगी मी एकटीच, हे तो सोयीस्करपणे विसरायचा.

गुरुजींनी शेवटच्या दिवशीसुद्धा पाट्या तपासल्या. माझी एक ओळ वाकडी गेली होती म्हणून छडीही मारली. मग रोजच्यासारख्या सगळ्या पाट्या कोपऱ्यातल्या हौदात भिजत घातल्या, जणू उद्या सकाळी कोणीतरी येऊन ती माती मळणार आहे आणि नव्या पाट्या थापणार आहे. हात धुतले. "जा आता," म्हणाले. मी दारात घुटमळले. मला वाटलं काहीतरी बोलतील. पण ते पाठमोरे उभे राहून हौदातच बघत राहिले.

धक्क्यावरचा रस्ता लांबचा पडतो, तरी मी तिकडूनच घरी गेले. पणजोबा उबार या धक्क्याला लागले तेव्हा त्यांच्याकडे लव्हाळ्याची एक होडी आणि खारवलेल्या माशांची चार मडकी होती. आजोबांच्या काळात आमच्या तीन मोठ्या बोटी झाल्या. कापड आणि तिळाचं तेल घेऊन त्या समुद्रापार दिलमुनला जायच्या आणि तांबं घेऊन यायच्या. तेव्हा इथे इतकी दाटी असायची की आत्या लहानपणी या बोटीवरून त्या बोटीवर उड्या मारत पलीकडच्या काठाला जायची, पाय न भिजवता. आता मीही पाय न भिजवता पलीकडे जाऊ शकते. पाणीच नाही. नदी आधी बारीक झाली, मग कुठेतरी अर्ध्या दिवसाच्या चालीवर सरकली. मधल्या काळात उत्तरेच्या राजाचं सैन्य येऊन तट पाडून गेलं. आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत, त्यांतली तीन तंदूर पेटवतात. बाकीच्यांनी जाताना दारं विटांनी चिणली आहेत, आणि त्या विटांनाही आता लोणा लागलाय.

गिमिल काका उंबऱ्यातच उभे होते. हे मधले काका. बाबा त्यांच्याहून थोरले, बेलानु काका धाकटा, आणि लमस्सी आत्या या तिघांहून मोठी. सहा वर्षांपूर्वी बाबा दिलमुनला गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून घरात शब्द चालतो तो गिमिल काकांचा. काकू आणि मुलं दोन महिन्यांपूर्वीच सिप्परला गेली होती. आम्ही उद्या पहाटे निघणार होतो. निदान गिमिल काका तरी निघणार होते. बाकीच्यांचं अजून भांडण चालू होतं.

"किती वेळ लावतेस गं!"

"शाळा सुटली, काका. कायमची."

"सिप्परला आहे शाळा. तिथे मुलींना घेतात. चांगल्या पाच-सहा आहेत म्हणे." ते थांबले. "हुनाबा, आज अमावास्या."

"माहीत आहे मला."

"आज नावं तू घ्यायचीस."

मला पहिल्यांदा वाटलं, थट्टा करताहेत. आमच्याकडे अमावास्येला खालच्या माणसांना पाणी देतात. खालची माणसं म्हणजे घराखालच्या कोठीत ठेवलेले आपलेच. घरातला कर्ता पुरुष पणजोबांपासून एकेकाचं नाव घेतो आणि प्रत्येकाच्या नावाने वाटीभर गार पाणी अंगणातून कोठीत उतरणाऱ्या मातीच्या नळीत ओततो. ते खाली जातं. नाव घेतलं नाही तर पाणी पोचत नाही, आणि पाणी पोचलं नाही तर ते माणूस तहानेने घरात फिरत राहतं. मुलीने नावं घेतल्याचं मी गल्लीत कधी ऐकलं नव्हतं.

"सगळी?"

"सगळी. सात. आधी पाटीवर लिहून काढ, चुकायला नको." मग ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "आणि शेवटी आठवं. तुझ्या बाबांचं."

कुणाचंही नाव पहिल्यांदा घ्यायचं ते पोटच्या पोराने. एकदा घेतलं की पुढे भाऊ, पुतणे, कुणीही घ्यावं. आणि बाबांना मी एकटीच.

"आईला विचारलंत?"

"सहा वर्षं विचारतोय. ती म्हणते, बुडताना कोणी बघितलं? नाही बघितलं कोणी. तीन बोटी वादळात सापडल्या, एक परत आली, बाकीच्या दोन दिसल्या नाहीत. पण सहा वर्षं, हुनाबा! नाव घेतल्याशिवाय ती इथून हलणार नाही. आणि ती हलली नाही तर काय करू मी? थोरल्या भावाच्या बायकोला या ओसाड गावात टाकून जाऊ? तूच सांग, तू शिकलेली आहेस."

तू शिकलेली आहेस. झालं! मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी माझ्या डोक्यात बाबा नव्हतेच. मी मधोमध उभी आहे, खणखणीत आवाजात नावं घेते आहे आणि सगळे माना खाली घालून ऐकताहेत, एवढंच मला दिसत होतं. मी धावत आत गेले आणि माती मळायला बसले.

*

कोठी उघडली तेव्हा मी तिथे नव्हते. बेलानु काकाने मला हे नंतर सिप्परच्या वाटेवर सांगितलं, दोन-तीनदा, दर वेळी थोडं वेगळं.

त्याला जायचं नव्हतं. राजा कालवा खणणार, नदी परत आणणार, असं तो दोन वर्षं सांगत होता. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन काठी चिखलात रोवायचा आणि किती ओल आहे ते बघायचा. आत्यालाही जायचं नव्हतं. "माझं प्रेत उचलून न्या मग," असं तिने त्याच सकाळी सगळ्यांना ऐकवलं होतं. म्हणजे आई, आत्या आणि बेलानु काका एकीकडे, गिमिल काका एकटे दुसरीकडे. तरी जे सिप्परला जाणार त्यांनी निदान हाडं न्यावीत, एवढ्यावर तह झाला होता, म्हणून दोघे भाऊ दिवा घेऊन खाली उतरले. आत्या वर तोंडाशी रांजण आणि चटया घेऊन बसली.

शेवटच्या पायरीखाली बेलानु काकाचा पाय पाण्यात गेला. घोट्याएवढं पाणी.

"हळू रे. बाबांचं डोकं आहे ते," गिमिल काका म्हणाले.

"माझ्या डोक्यात कमी टपल्या मारल्यात त्यांनी? आता माझी पाळी." असं म्हणून बेलानु काकाने आजोबांचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरून तसाच उभा राहिला.

मग त्याने ओलं बोट जिभेला लावलं. "दादा, हे खारं आहे."

"ओल खालून येते. जमीनच खारावली."

"म्हणजे आपण वरून गोडं ओततोय आणि हे बसलेत खाऱ्यात."

"काय खारं?" आत्या वरून ओरडली. "काय खारं आहे रे? बोला ना!" आणि कोणी काही बोलायच्या आत ती स्वतःच उतरायला लागली. ती अंगाने चांगली भरदार. दोघांनी खालून धरलं, एक पायरी तुटली, दिवा विझता विझता राहिला. शेवटी ती पाण्यात उभी राहिली आणि जिथे आजी ठेवली होती तिथे तिने खाली हात घातला. हात घातला तो बाहेर काढेना.

"आई माझी यात बसलीये," ती म्हणाली. "आणि मी वर बसून म्हणतेय, मला जायचं नाही."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं.

"बघताय काय? उचला. सगळ्यांना उचला. मी येते सिप्परला."

तिला पुन्हा वर ढकलायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. ती गेल्यावर दोघेच सावकाश एकेकाला चटईत गुंडाळत राहिले.

"त्या खेपेला मी जायचो होतो," गिमिल काका म्हणाले. "माझी दाढ सुजली म्हणून थोरला रेमेनी गेला."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच. दर वर्षी सांगतोस, दादा." बेलानु काका म्हणाला. "त्याला जायचंच होतं. तू बरा असतास तरी तो गेला असता. तो धक्क्यावर उभा राहिला की त्याचे पाय नाचायचे."

गिमिल काकांनी दिवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. "आज हुनाबा त्याचं नाव घेणार आहे. मी सांगितलंय तिला. मला नाव घेता आलं असतं ना, तरी वहिनीच्या डोळ्यांदेखत नसतं घेता आलं. पोरीच्या गळ्यात टाकलं."

बेलानु काका यावर काय बोलला ते त्याने मला कधी सांगितलं नाही. पण वर आल्यावर त्याने ती चिखल मोजायची काठी घेतली आणि गाढवांच्या सामानात बांधून टाकली.

*

आईच्या मनातलं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि ती स्वतः सांगणाऱ्यांतली नाही. पण मी चौदा वर्षं तिच्या शेजारी झोपले. त्या दुपारी ती तंदूरपाशी जवाच्या भाकऱ्या लावत होती आणि वारा कुठला आहे ते बघत होती, हे मला माहीत आहे, कारण ती नेहमीच बघायची. दक्षिणेचा वारा असला की बोटी येतात. बोटी यायच्या बंद झाल्या, तरी तिची मान त्याच बाजूला वळायची. एकदा मी विचारलं होतं, बाबांचा आवाज कसा गं होता? ती खूप वेळ आठवत राहिली. म्हणाली, "आवाज गेला बघ डोक्यातून. पण गल्लीत शिरताना घसा खाकरायचे, तो ऐकू येतो." मग म्हणाली, "रोज येतो." तिला सगळ्या घरात कोणी सोबत असेल तर ते खाकरणंच असावं. आम्ही होतो, पण आम्ही वेगळे.

आत्या आली ती ओल्या लुगड्यानेच.

"ताबातू, मी जातेय गं."

"कुठे, वन्सं?"

"सिप्परला. त्यांच्याबरोबर."

आईने एक भाकरी उलटली. "सकाळी तुमचं प्रेत उचलणार होते."

"सकाळी माझे पाय कोरडे होते." आत्या धप्पकन खाली बसली. "खाली सगळं खारं पाणी झालंय. आईला तसं ठेवून मला नाही राहवणार. तू पण चल. कोणासाठी बसायचं आता इथे? माझाच भाऊ होता तो, मला काय कमी—"

"आहे."

"बरं बाई, आहे."

"ते आले आणि दार चिणलेलं दिसलं तर? कोणाला विचारतील? गल्लीत सांगायला तरी कोण आहे?"

एवढ्यात बेलानु काका आला आणि हात मागे बांधून, चूक केलेल्या पोरासारखा उभा राहिला. आई या घरात आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलेलं.

"वहिनी, कालवा नाही येणार."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. तेच तर. दोन वर्षांत कोणी काही सांगायलासुद्धा आलं नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने परातीतली सगळ्यात गरम भाकरी त्याच्या हातावर ठेवली. तो चटका बसला म्हणून ओरडला आणि ती हसली. सहा वर्षांत मी तिला असं हसताना चारदा पाहिलं असेल. "जा रे," म्हणाली. "जा सगळे. मी आहे इथे."

मी खांबाआड बसून लिहीत होते. तिला दिसले.

"मघापासून काय गं चाललंय तुझं?"

"नावं. काकांनी सांगितलंय. आज मी घेणार आहे."

"तू?" तिचा चेहरा असा उजळला की मला पाटी लपवावीशी वाटली. "माझी लेक नावं घेणार! वन्सं, ऐकलंत का? या घरात कधी झालं नव्हतं असं! किती लिहिलीस?"

"सात," मी म्हणाले.

पाटीवर आठ होती. शेवटचं अजून ओलं होतं.

*

सूर्य मावळायच्या आधी सगळे अंगणात बसलो. सात रांजण ओळीने मांडले होते, तोंडाला कापड बांधून. समोर पाट, पाटावर भाकऱ्या, खजूर, कांदे, भाजलेला मासा आणि जवाची दारू. मधोमध रिकामी खुर्ची, खालच्यांपैकी ज्याला बसायचं त्याने बसावं म्हणून. दर अमावास्येला मी त्या खुर्चीकडे बघून गुपचूप हसायची, की आजोबा आणि पणजोबा दोघांना एकदम बसायचं झालं तर? त्या दिवशी नाही हसले.

आईने माझे केस स्वतः विंचरले होते. "हळू घे. घाई करू नकोस," तिने कानात सांगितलं.

मी उभी राहिले. "उबार," म्हटलं आणि पहिल्या रांजणापुढे वाटी ओतली. आवाज खरंच खणखणीत आला. दुसरं नाव, तिसरं नाव. आत्या प्रत्येक नावाला "घ्या, पाणी घ्या," म्हणत होती. गिमिल काका जमिनीकडे बघत होते. सहावं आजोबांचं, "अहुनी." सातवं आजीचं, "बेल्तानी," आणि तिथे आत्याने पदर तोंडात धरला.

मग मी थांबले.

आई उठायला लागली. संपलं, असं तिला वाटलं. तिने भाकऱ्यांची परात उचललीसुद्धा. गिमिल काकांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे म्हणत होते, नको. मी शपथेवर सांगते, शेवटच्या क्षणी त्यांचे डोळे म्हणत होते नको, राहू दे. पण मी वर्गात पहिली येणारी मुलगी. पाटीवर लिहिलेलं वाचायचं मला येतं. लिहिलेलं न वाचता सोडायचं कसं, हे कुठे कोणी शिकवलं होतं?

"सीन-रेमेनी," मी म्हणाले.

परात पडली नाही. आईने ती अगदी नीट, आवाज न करता खाली ठेवली.

माझ्या हातात पाण्याने भरलेली वाटी होती आणि आठवा रांजण नव्हता. मी इकडेतिकडे बघितलं. बाबांना ओतायचं कुठे? हा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. गिमिल काकांनीही नाही. वाटीतून पाणी सांडायला लागलं, तेव्हा मी दोन पावलं मागे गेले आणि जुन्या जागी, नळीत, ओतून टाकलं.

खाली कोठी रिकामी होती. चटया नाहीत, भांडी नाहीत, कोणी नाही. इतकी वर्षं पाणी ओतलं की काही ऐकू यायचं नाही. या वेळी ते पडल्याचा आवाज आला. पोकळ, लांबून. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मग बेलानु काका म्हणाला, "झालं, वहिनी. झालं आता. पोचलं त्याला."

"हो," आई म्हणाली. "पोचलं."

ती रडत नव्हती. ती उठून नळीपाशी गेली, तिथेच बसली आणि नळीच्या तोंडावरची माती बोटाने साफ करू लागली. मी "आई" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, पण रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

गिमिल काकांनी घसा साफ केला. "वहिनी, जे झालं ते... सामान गाढवांवर चढवलंय. तुमचं गाठोडं मी बांधून ठेवलंय. पहाटे निघू."

"मी कशी येऊ, भावोजी?"

"आता काय राहिलं? नाव घेतलं. कोणी परत यायचं नाही. दार चिणलेलं बघायला कोणी—"

"ही सात माणसं आपापल्या हाडांमागे सिप्परला येतील," आई म्हणाली. किती शांत! आमचे गुरुजी नवीन धडा समजावतात तशी. "त्यांचं काय, जिकडे रांजण तिकडे ती. यांचं हाड कुठे आहे? समुद्रात. कोणाला माहीत, कुठे. यांना एकच वाट माहीत आहे, घरची. तुम्ही यांना हाक मारलीत. हे आले. आणि खाली आता कोणीच नाही. ना मामंजी, ना सासूबाई. आपण सगळ्यांना वर काढलं आणि यांना एकट्याला खाली बसवलं."

गिमिल काका उघड्या तोंडाने ऐकत राहिले.

"काल यांची वाट बघायची म्हणून राहणार होते. ते एक वेळ सुटलं असतं. थकले असते मी कधीतरी. पण आता यांना दर अमावास्येला पाणी कोण देणार? इथून? या नळीतून?"

"वहिनी, सिप्परहून देऊ," बेलानु काका म्हणाला. "पोरगी नाव घेईल ना दर अमावास्येला!"

"तिकडून ओतलेलं इथे पोचतं का रे?"

याचं उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लहान पोरालाही माहीत असतं.

"मी राहते तुझ्याजवळ," मी म्हणाले. हे मी मनापासून म्हणाले. आणि म्हणतानाच माझ्या मनात सिप्परची शाळा आली, तिथल्या पाच-सहा मुली आल्या, आणि आईला ते दिसलं. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, असं आत्या म्हणतेच.

"वेडी आहेस का? इथे कोण शिकवणार तुला? सात जणांना पाणी कोण देणार? आज काय छान घेतलीस नावं." तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "आवाज अगदी यांच्यावर गेलाय तुझा. मला आत्ता कळलं."

आत्या हमसाहमशी रडायला लागली. गिमिल काकांनी मग खूप समजावलं, आरडाओरडा केला, एकदा तर गाढवावर बांधून नेईन म्हणाले, आणि शेवटी तिथेच खाली बसून, दाढ सुजल्यासारखा गाल धरून, लहान मुलासारखे म्हणाले, "माझं चुकलं हो, वहिनी."

"तुमचं काय चुकलं? तहानेले फिरत होते, त्यांना पाणी मिळालं. बसा. जेवून घ्या. मासा गार होतोय."

आम्ही जेवलो. खरंच जेवलो. तिने प्रत्येकाला वाढलं.

पहाटे निघालो तेव्हा ती दाराशी आली नाही. अंगणातून पाणी शेंदल्याचा आवाज येत होता. बेलानु काकाने दार चिणायला विटा आणल्या होत्या, सवयीने. मग त्याने त्या एकेक करून भिंतीशी लावून ठेवल्या आणि दार नुसतं ओढून घेतलं.

*

या गोष्टीला चौदा महिने झाले. सिप्परच्या शाळेत आम्ही सहा मुली आहोत आणि मी दुसरी आहे. पहिली जी आहे ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, म्हणजे ते धरायचं नाही. घर लहान आहे, पण जमीन कोरडी आहे, आणि आत्या दर दोन दिवसांनी खाली उतरून हात लावून बघते. तिकडे बोट जात नाही. गाढवंवालेही आता त्या रस्त्याने जात नाहीत. देवळातले शेवटचे पुजारीही निघून आले, असं एकाने सांगितलं. त्याने आमची गल्ली पाहिली नव्हती.

नावं मीच घेते. उबारपासून सुरू करते आणि बेल्तानीपाशी येते. सातवी वाटी ओतल्यावर गिमिल काका घागर घेऊन थांबतात. घागरीत नेहमी थोडं पाणी उरलेलं असतं. आता बाबांचं नाव कोणीही घेऊ शकतं, ते स्वतःसुद्धा. पण ते घेत नाहीत. माझ्याकडे बघत राहतात.

बाबांचं नाव मी इथे घेतलं, तर त्याचा अर्थ तिकडे ते घ्यायला कोणी उरलं नाही.

"संपली?" काका विचारतात.

"संपली," मी सांगते, आणि घागर त्यांच्या हातातून घेऊन आत ठेवते.